वरच्या खोलीची कडी

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर ठीक, नाही पटली तरी ठीक. मी कुणाला शपथा घालत बसणार नाही. ज्या घरात हे घडलं ते घर पांढुर्ण्यात आजही उभं आहे, आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. सुधामावशी. तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, सौंसरला आमच्या घरी बसून, दोन दिवस लावून. मधेच थांबायची, पाणी प्यायची, परत सुरू करायची.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही तशी नाही. ही सकाळी अकरा चाळीसची आहे. बाहेर लख्ख ऊन असतं, कुकरची शिट्टी होत असते, गल्लीत भाजीवाला ओरडत असतो...

आणि वरच्या खोलीत ठक ठक सुरू होते.

पहिल्यापासून सांगते.

मावशीचे यजमान रवींद्र घाटोडे. आम्ही काकाजी म्हणायचो, बाकी गाव घाटोडे सर म्हणायचं. एका खाजगी शाळेत ते गणित शिकवायचे. स्वभाव गरीब होता. फक्त वर्गात प्रश्न विचारल्यावर पोरं गप्प बसली, की लाकडी डस्टर टेबलावर तीनदा आपटायची सवय होती.

ठक. ठक. ठक.

"तोंडात गुळण्या धरून बसले काय रे?" असं म्हणायचे, मग पोरं हसायची आणि कुणीतरी उत्तर द्यायचं.

लॉकडाउन लागला, शाळा ऑनलाइन झाली. काकाजींनी घराच्या वरच्या खोलीत फळा लावला. शाळेनं लॅपटॉप दिला. इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, त्याचा डबा त्याच खोलीच्या भिंतीवर बसवला. त्यामुळे नेट मिळायचं ते फक्त वर. खाली स्वयंपाकघरात त्याचा काही उपयोग नव्हता. डस्टर मात्र सुटलं नाही. कॅमेऱ्यासमोर बसूनही ते टेबलावर आपटायचे. शेजारच्या लीलाबाई ती ठकठक ऐकून घड्याळ न बघता सांगायच्या, सरांचा क्लास सुरू झाला म्हणून.

एप्रिल २०२१ मध्ये काकाजींना कोरोना झाला.

दवाखान्यात जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले घरीच राहा, वेगळे राहा. ते वरच्या खोलीत गेले. ताप होता, खोकला होता, पण क्लास सोडला नाही. परीक्षेचं वर्ष आहे, पोरांचं नुकसान नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

मावशीला एकच मुलगी. ऋतुजा. तेव्हा दहावीला, वडिलांच्याच शाळेत, वडिलांच्याच वर्गात. बापाची फार लाडकी. पप्पा वर एकटे आहेत म्हणून दोनदा गुपचूप जिना चढून गेली. दुसऱ्यांदा मावशीनं तिला खोलीच्या उंबऱ्यावर पकडलं, एक थापड मारली, आणि दाराला बाहेरून कडी लावली.

कडी पोरीसाठी लावली होती. पोरगी आत जाऊ नये म्हणून. मावशी आजही तेवढंच सांगते.

जेवणाच्या वेळी ती ताट दाराशी ठेवायची, कडी काढायची, दोनदा वाजवायची आणि खाली यायची. काकाजी ताट घ्यायचे, जेवून बाहेर ठेवायचे. मावशी परत कडी लावायची. आठ दिवस असंच चाललं.

तेवीस एप्रिल, शुक्रवार.

अकराला क्लास सुरू झाला. काकाजी वर लॅपटॉपवर. त्यांचा मोबाइल खाली ऋतुजाजवळ, कारण तिलाही तोच क्लास करायचा होता आणि घरात दुसरा तसा फोन नव्हता. मावशीकडे बटणांचा लहान फोन होता.

अकरा चाळीसला मावशी वरणाला फोडणी देत होती. वरून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

थोड्या वेळानं परत. मग परत.

"आज तुहे पप्पा लयच रागावून राहिले व," मावशी म्हणाली.

ऋतुजा फोनकडे बघून हसत होती. "आई, ते म्यूट आहेत. आवाजच नाही येऊन राहिला. सगळे पोट्टे चॅटमध्ये लिहून राहिले, पण त्यांना दिसूनच नाही राहिलं."

मावशीही हसली.

बाराच्या सुमारास ठकठक विरळ झाली. मग थांबली. एक वाजता मावशी ताट घेऊन वर गेली, कडी काढली, दार वाजवलं. ताट कुणी घेतलं नाही.

काकाजी खुर्चीतच होते. हातावर डोकं टेकलेलं. डस्टर मुठीत होतं. लॅपटॉप बॅटरी संपून बंद पडला होता.

मावशीनं सगळ्यांना सांगितलं, झोपेतच गेले. शांतपणे. आम्हीही तेच सांगत आलो. त्या दिवसांत कोण कुणाला जास्त विचारत होतं? ठकठकीचं तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती ठकठक क्लासची नव्हती, हे तिला ताट हातात असतानाच समजलं होतं. पण ऋतुजा पंधरा वर्षांची होती, आणि ऋतुजा हसली होती. हे त्या पोरीला आयुष्यात कधी कळू नये, एवढंच मावशीला हवं होतं. त्यापुढे तिनं देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

तीन वर्षं गेली.

ऋतुजा कॉलेजात गेली. इंदूरच्या एका कोचिंगचे ऑनलाइन क्लास लावले होते, स्पर्धा परीक्षेचे. दिवसा कॉलेज, संध्याकाळी वरच्या खोलीत बसून दिवसभराच्या क्लासचं रेकॉर्डिंग बघायची. वडिलांच्याच टेबलावर. तिला तिथे कधी काही वाटलं नाही.

काकाजींच्या शाळेला गणिताचा मास्तर टिकत नव्हता. मग त्यांनी काय करावं? घाटोडे सरांचे जुने रेकॉर्ड केलेले तास काढले आणि वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर लावायला सुरुवात केली. मेलेला माणूस पगार मागत नाही, सुट्टी मागत नाही, शाळेला आणखी काय पाहिजे. मावशीला विचारलं तेव्हा ती रडली आणि लावा म्हणाली.

हे सगळं सांभाळणारा अंकुर नावाचा कॉम्प्युटरचा शिक्षक होता, काकाजींचाच विद्यार्थी. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा मावशीला फोन आला.

"काकू, सरांचं एक रेकॉर्डिंग सापडलं. तेवीस एप्रिलचं. एक तास बावन्न मिनिटं आहे, पण पस्तीस मिनिटांच्या पुढं आवाज नाही. ठेवू का काढून टाकू?"

"तू पायलं काय रे ते?"

"नाही काकू. सुरुवातच पायली, पुढं नुसतं सरकवून आवाज आहे का तेवढं तपासलं."

"पाहू नको. मी येतो."

मावशी शाळेत गेली. अंकुरनं लॅपटॉप उघडून दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पहिली पस्तीस मिनिटं काकाजी शिकवतात. आवाज बसलेला आहे, पण शिकवतात. मग खोकल्याची उबळ येते. ते हात पुढे करून स्वतःचा आवाज बंद करतात. पोरांना खोकला ऐकू जाऊ नये, पोरं घाबरू नयेत, म्हणून.

तो आवाज ते परत सुरू करत नाहीत.

खोकला थांबतो. ते बोलू लागतात. तोंड हलतं, आवाज नाही. बाजूला पोरांचं चॅट वर सरकत असतं. सर आवाज नहीं आ रही. सर आप म्यूट हो. मधेच ऋतुजाचं नाव. तिनंही तेच लिहिलंय, तेही सर म्हणून, कारण क्लासमध्ये पप्पा म्हणायचं नाही असा काकाजींचा नियम होता.

काकाजी चॅटकडे बघत नाहीत.

ते दाराकडे बघतात.

एकदा उठायला जातात, परत खुर्चीत पडतात. मग डस्टर उचलतात. तीनदा आपटतात. दाराकडे बघतात. तोंड हलतं. मावशीला आवाजाची गरज नव्हती. चोवीस वर्षांचा संसार होता. ओठ काय म्हणतात ते तिला दिसत होतं.

सुधा. दार उघड.

पुन्हा पुन्हा तेच.

एकेक पोरगं निघून जातं. वर आकडा दिसतो, किती जण हजर आहेत त्याचा. अडतीस. एकवीस. नऊ. ऋतुजा घाटोडे बाहेर पडली, अशी ओळ येते. शेवटी आकडा राहतो... एक.

त्यानंतर थोड्या वेळानं काकाजी हातावर डोकं टेकतात. पुढं पाऊण तास नुसता डोक्यावरचा पंखा फिरत राहतो.

मावशीनं अंकुरला आत बोलावलं. "काढून टाक," म्हणाली. "कुठंच राहिलं नाही पाहिजे. ऋतुजाले तं बिलकुल सांगू नको."

त्यानं तिच्यासमोर काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला मावशी घरी एकटी होती. ऋतुजा कॉलेजला गेलेली. मावशी मेथी निवडत बसली होती.

वरून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

मावशी जागची हलली नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून लीलाबाईंचा आवाज आला.

"सरांचा क्लास सुरू झाला वाटते व, सुधा."

आपण काय बोलून गेलो ते लीलाबाईंना मग समजलं. पाच मिनिटांनी पदर सावरत घरात आल्या, आणि मावशीचं तोंड बघून तिच्याजवळ खाली बसल्या. दोघींनी बारा वाजेपर्यंत ती ठकठक ऐकली. कुणी वर गेलं नाही.

मावशीनं त्या दिवशी लीलाबाईंना सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर रोज. रविवारीही. अकरा चाळीसला सुरू, बाराला बंद. एकदा मावशीनं हिंमत करून ठकठक चालू असताना दार ढकललं. आत कुणी नव्हतं. टेबल, खुर्ची, फळा. आवाज मात्र चालूच होता, आणि टेबलावरचा पेन प्रत्येक ठोक्याला थरथरत होता. मावशी तशीच खाली आली आणि त्यानंतर तिनं त्या खोलीत डोळे वर करून पाहिलं नाही. झाडायचं असलं तरी खाली मान घालून झाडायची.

पोळ्याच्या तीन दिवस आधी अंकुरचा पुन्हा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"काकू, ते रेकॉर्डिंग परत आलं."

"काढलं होतं ना तू माह्यासमोर?"

"काढलं होतं. तीनदा काढलं. परत दिसून राहिलं. अन् काकू... मी शेवट पायला. तुम्ही नाही म्हटलं होतं, पण पायला. तुम्ही पायलं तेव्हा शेवटी किती जण होते?"

"एक. ते एकटेच."

"आता दोन दाखवून राहिलं."

मावशीनं विचारलं, दुसरं कोण?

"ऋतुजाचं नाव आहे काकू. ती बाहेर पडल्याची ओळच नाही त्याच्यात. शेवटपर्यंत बसून आहे ती."

मावशी म्हणते, त्या क्षणी तिला काकाजींची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा. ज्या माणसानं पोरांना खोकला ऐकू नये म्हणून आवाज बंद केला, त्या माणसाची.

तिनं लीलाबाईंना विचारलं. लीलाबाईंनी सरळ सांगितलं. "पोरीले बोलावून राहिले ते. त्या टाइमाले तिले वर जाऊ देऊ नको. अकरा वाजले का कडी लावत जा, बारा वाजेलोक काढू नको. वाजू दे किती वाजते ते. ओ देऊ नको, वर जाऊ नको."

मावशीनं तसंच केलं. रोज अकराला वर जायची, खाली मान घालून कडी लावायची, बाराला काढायची.

ऋतुजाला काहीच सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती ठकठक कशाची होती, आणि तेव्हा खाली बसून कोण हसत होतं. मी मावशीला दोष देत नाही. पण तिनं एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. अकरा ते बारा वर जाऊ नको. कारण काहीही दिलं असतं. पाल आहे म्हणाली असती, विंचू निघाला म्हणाली असती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांवर दगड मारतात. कॉलेज बंद, बाजार बंद, अर्धं गाव जाम नावाच्या त्या नदीवर आणि उरलेलं छपरांवर चढून बघायला. लीलाबाईसुद्धा मुलाकडे गेल्या होत्या. पण इंदूरच्या कोचिंगला गोटमारीच्या सुट्टीचं काय माहीत? त्यांचा अकराचा लाइव्ह क्लास होता, टेस्टमध्ये अडलेल्या गणितांचा.

ऋतुजा सकाळी म्हणाली, "आई, मी रजनीकडे जाऊन राहिली. तिच्या घरून क्लास करतो दोघी मिळून."

रजनी म्हणजे तिची मैत्रीण, चार गल्ल्या सोडून राहणारी. मावशीला बरंच वाटलं. घरात पोरगी नको होती त्या वेळेला. डब्यात चार पुरणपोळ्या बांधून दिल्या.

रजनीच्या घरी मोबाइलला नेट मिळेना. गावात लाख माणूस आलेलं, सगळ्यांच्या हातात फोन. ऋतुजानं दहा मिनिटं वाट पाहिली आणि घरी परत आली. वरच्या खोलीत तारेचं नेट होतंच. मावशी स्वयंपाकघरात होती. जिना मागच्या अंगणातून आहे. पोरगी परस्पर वर गेली, बाहेरच्या कल्लोळाचा त्रास नको म्हणून दार लोटून घेतलं, कानाला हेडफोन लावले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

अकराला मावशी वर गेली. खाली मान घालून.

दाराबाहेर चपला होत्या. ऋतुजाच्या. मावशीनं पाहिल्या. तिला वाटलं कालच्याच राहिल्या असतील. एक सरळ होती, एक उलटी पडली होती. चप्पल उलटी असू नये म्हणून तिनं ती सरळ केली, दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवल्या.

मग कडी लावली.

अकरा चाळीसला आवाज सुरू झाला.

ठक. ठक. ठक.

मावशी देवासमोर बसली होती. तिनं डोळे मिटले. नदीकडून ओरडा येत होता, ढोल वाजत होते, रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स जात होत्या. त्या सगळ्यातूनही तिला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

आज तो तीन ठोक्यांवर थांबत नव्हता.

सलग होता. कधी टेबलावर, कधी दारावर. कधी दोन्ही तळव्यांनी आपटल्यासारखा. आवाज वेगळा आहे हे मावशीच्या लक्षात आलं. तिनं ते माझ्यापासून लपवलं नाही. "मले समजलं होतं का आज अलग आहे," ती म्हणाली. "मले वाटलं, आज जास्त जोर लावून राहिले. पोरगी घरात नाही म्हणून चिडले."

तिनं कानावर हात ठेवले.

बारा वाजले तरी थांबलं नाही. सव्वाबारा झाले...

मग विरळ झालं. मग थांबलं.

मावशीनं देवाला हात जोडले. पोरगी वाचली, असं मनात म्हणाली. उठून चहा टाकला. पातेल्यात साखर घातली, आलं किसलं. चहा उकळत असताना ओट्यावर ठेवलेला मोबाइल वाजला. गर्दीमुळे सकाळपासून बंद पडलेलं नेटवर्क आलं होतं, आणि अडकलेले मेसेज एकामागून एक पडत होते.

आई वर ये.

आई कडी कोणी लावली.

आई पप्पा

चौथ्या मेसेजमध्ये नुसतीच अक्षरं होती, कुठलीही. पहिला मेसेज अकरा एकेचाळीसचा होता.

मावशी जिना कशी चढली ते तिला आठवत नाही. कडी काढली. ऋतुजा खुर्चीत बसलेली होती. हातावर डोकं टेकलेलं. नखं निळी, ओठ निळे. दोन्ही तळवे सोलवटलेले. जिवंत होती.

समोर लॅपटॉप चालू होता. क्लास संपून गेलेला. मास्तर गेले, पोरं गेली. मीटिंग मात्र बंद झाली नव्हती. पडद्यावर दोन चौकटी उरल्या होत्या. एकीत ऋतुजा, हातावर डोकं टेकलेली. दुसरी काळी होती. तिच्यावर नाव नव्हतं, कोपऱ्यात आवाज बंद असल्याचं लाल चिन्ह होतं.

मावशीनं लॅपटॉप बंद केला.

दवाखाना गोटमारीतल्या फुटक्या डोक्यांनी भरला होता. ऋतुजाला एका बाकड्यावर निजवून बोटाला मशीन लावलं. अडुसष्ट आलं. ऑक्सिजन लावला, मग नागपूरला नेलं. फुप्फुसं स्वच्छ निघाली. दमा नाही, कसला संसर्ग नाही. खोलीची खिडकी उघडी होती, त्यामुळे घुसमटली म्हणावं तर तेही नाही. आठ दिवसांत पोरगी उठून बसली.

आवाज गेला होता.

डॉक्टरांनी घसा तपासला, नळी घालून पाहिला. सगळं ठीक आहे म्हणाले. धक्का बसलाय, येईल हळूहळू. वर्ष होऊन गेलं. आला नाही.

त्या क्लासचं रेकॉर्डिंग कोचिंगवाल्यांकडे होतं. मी मागवून घेतलं आणि पाहिलं. पाहायला नको होतं. अकरा चाळीसला ऋतुजाच्या छोट्या चौकटीत ती हेडफोन काढते. बाजूला फळ्याकडे बघते. आणि उठून उभी राहते. घाबरून नाही. मास्तरांनी नाव घेतल्यावर पोरं उभी राहतात, तशी. काहीतरी उत्तर देते. मग छातीवर हात ठेवते. मग दाराकडे धावते आणि चौकटीतून दिसेनाशी होते. परत येते तेव्हा कॅमेऱ्यात तोंड घालून बोलत असते, टेबल आपटत असते.

इंदूरचे मास्तर म्हणतात, "ऋतुजा बेटा, आप म्यूट पर हो."

पोरांनी हसण्याची चिन्हं टाकली. मी मोजली. अकरा होती.

"नेटवर्क का इश्यू होगा," मास्तर म्हणतात, आणि पुढचं गणित घेतात.

अंकुरनं शाळा सोडली. कुठे गेला ते ठाऊक नाही. त्या जुन्या रेकॉर्डिंगचं पुढे काय झालं, मी विचारायला गेले नाही. वरच्या खोलीतली ठकठक गोटमारीच्या दिवसापासून बंद आहे. लीलाबाई म्हणतात, सर सुटले. म्हणोत बापड्या.

मागच्या दिवाळीत मी त्या घरी गेले होते. मावशीनं घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या आहेत. बाथरूमचीसुद्धा. दारांना नुसती भोकं आहेत. ऋतुजा मागच्या अंगणात खाटेवर बसलेली होती, समोर लहान टेबल. तिला काही हवं असलं की टेबलावर हात आपटते. पाणी हवं, चहा हवा, ते वहीत लिहूनही दाखवते. त्या दिवसाबद्दल विचारलं की पेन खाली ठेवते.

मी तिच्यासमोर चकलीची ताटली ठेवली. तिनं घेतली नाही. माझ्या मागे, स्वयंपाकघराकडे बघत होती.

मग तिनं टेबलावर हात आपटला.

ठक. ठक. ठक.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मावशी धावत आली. पिठाचे हात तसेच. पोरीसमोर खाली बसली आणि तिच्या तोंडाकडे बघू लागली. ऋतुजाचे ओठ हलत होते. तेच दोन-तीन शब्द, पुन्हा पुन्हा. मला ओठ वाचता येत नाहीत. पण पहिला शब्द आई नव्हता, एवढं मलाही दिसलं.

"काय म्हणते व ती?" मी विचारलं.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"माहं नाव घेऊन राहिली," ती म्हणाली. "दार उघड म्हणते."

आम्ही उघड्या अंगणात बसलो होतो. वर आभाळ होतं.

"उघडंच आहे," मावशी पोरीचे हात धरून सांगत होती. "पाय बरं, सगळं उघडंच आहे."

ऋतुजानं हात सोडवून घेतले आणि परत टेबल वाजवायला लागली.